वारली चित्रातली नाचणारी माणसं सगळ्यांना दिसतात, पण त्यातली फणी, शिडी आणि सूप कधी पाहिलंय का?

वारली चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? गोल फेर धरून नाचणारी माणसं आणि मधोमध तारपा वाजवणारा एकजण. बरोबर ना? कपावर तेच, कुर्तीवर तेच, मोबाईलच्या कव्हरवर तेच आणि हॉटेलच्या भिंतीवरही तेच. इन्स्टाग्रामवर 'वारली' शोधा, पहिल्या वीस फोटोंत हा फेर हमखास सापडेल.

फेर सुंदर आहेच, त्यात वाद नाही. पण खरं वारली चित्र समोर आलं, तर नाचणाऱ्यांवरून नजर जरा बाजूला न्या. कोपऱ्यात एक झोपडी असते. तिची पुढची भिंत चित्रकारानं काढलेलीच नसते, त्यामुळे आतलं सगळं दिसतं. एकावर एक रचलेली मडकी. जात्यावर बसलेली बाई. उखळात मुसळ घालणाऱ्या दोघी. सूप घेऊन पाखडणारी एक. भाताची कणगी, टोपली, पाळणा, चूल. आपल्या आजीच्या घरात होत्या त्याच वस्तू, ज्यांचा फोटो काढावा असं कुणाला कधी वाटलं नाही.

आज बोलायचंय ते या वस्तूंबद्दल. कारण वारली चित्राचं खरं सौंदर्य समजून घ्यायचं असेल, तर रस्ता तारप्यापेक्षा सुपाकडून जास्त सोपा आहे.

आधी जागा समजून घेऊ

मुंबईहून पश्चिम रेल्वेनं विरारच्या पुढे गेलात की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू रोड. २०१३ पासून लोकल थेट डहाणूपर्यंत जाते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. रुळांच्या पश्चिमेला समुद्र, मच्छीमारांची गावं, तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. बोईसरला लागून तारापूर एमआयडीसी, म्हणजे केमिकल, औषधं, कापड, स्टील यांचे कारखाने. आणि पूर्वेला डोंगराकडे सरकत गेलं की डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाड्यातले पाडे. वारली समाजाची मोठी वस्ती इथे आहे. थोडी पुढे दक्षिण गुजरातेत आणि दादरा-नगर हवेलीतही आहे.

म्हणजे तुम्ही ज्याला 'ट्रायबल आर्ट' म्हणून लाईक करता, ते मुंबईच्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनाजवळ तयार होतं.

चित्र काढायचं कारण होतं लग्न

आता मूळ गोष्ट. वारली चित्र भिंत सजवायला काढलं जात नव्हतं. ते लग्नासाठी काढायचे. लग्नघरात आतल्या भिंतीवर एक चौकोन आखला जातो, त्याला चौक म्हणतात. लग्नाचा तो लग्नचौक. चौकाच्या कडा त्रिकोणांनी, रेघांनी, साखळीसारख्या नक्षीनं भरतात. आत मध्यभागी पालघट देवी असते. पालघट ही सुफलतेची देवी, आणि नावातच घट आहे, म्हणजे पाण्याचं साधं मडकं. शेजारी एक छोटा देवचौक असतो, त्यात पंचशिऱ्या, म्हणजे पाच डोक्यांचा देव. हा चौक सुवासिनी काढतात आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. हो, लग्न लावायला इथे बाई असते. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही.

या चौकात देवीसोबत आणखी काय काय असतं ते बघा. सूर्य आहे, चंद्र आहे, बाशिंग आहे. आणि त्यांच्याच रांगेत फणी आहे आणि शिडी आहे.

फणी म्हणजे केस विंचरायची. शिडी म्हणजे माळ्यावर चढायची.

इथे जरा थांबा. देवघरात तुम्ही कंगवा ठेवाल का? आपल्याकडे कंगवा देवाजवळ दिसला तर कुणीतरी नक्की ओरडेल. वारली लग्नात मात्र फणीला देवीच्या चौकात जागा आहे, सूर्य-चंद्राच्या शेजारी. दोन माणसं एकत्र संसार करणार, तर त्या संसाराला ज्या वस्तू लागणार त्या देवीसमोर मांडायच्या, इतकं हे सरळ आहे. रुखवत आठवा. आपणही लग्नात भांडीकुंडी मांडतोच. फरक एवढाच की रुखवताच्या टेबलावर आपण किंमत बघतो.

आणि हे सगळं कशानं काढतात? तांदळाच्या पिठानं. तांदूळ वाटून त्यात पाणी, थोडा डिंक. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या आणि मातीची भिंत. ती शेणानं सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा. बांबूची काडी एका टोकाला चावून तिचा कुंचला करायचा. वारल्यांची धान्याची देवी कणसरी. म्हणजे जे धान्य देवी आहे, जे कणगीत साठवतात, उखळात कांडतात, सुपात पाखडतात, त्याच धान्याच्या पिठानं ती कणगी, ते उखळ आणि ते सूप भिंतीवर काढायचं. रंग एकच, पांढरा.

साधी वस्तू सुंदर कशी होते?

हा भाग थोडा सविस्तर बघू, कारण 'साधेपणात सौंदर्य' असं म्हणून सगळे मोकळे होतात आणि पुढे काहीच सांगत नाहीत.

पहिली गोष्ट, कोन. वारली चित्रकार वस्तू एका जागी उभं राहून बघत नाही. मडकं बाजूनं काढतो, कारण मडक्याची ओळख त्याच्या पोटात आणि मानेत आहे. सूप वरून काढतो, कारण ते बाजूनं काढलं तर नुसती एक जाड रेघ दिसेल. झोपडी समोरून, पण भिंत काढून टाकून. शेत वरून, शेतातली माणसं बाजूनं. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपल्याला शिकवतात की लांबची वस्तू लहान, जवळची मोठी. इथे तो नियम नाही. जी वस्तू जिकडून नीट ओळखू येते तिकडून ती दाखवायची. लहान मूलही असंच काढतं. पण मूल ते न कळत करतं. वारली चित्रात शेकडो वस्तू अशा ठेवून सगळं चित्र तोलून धरायचं असतं, आणि ते अजिबात सोपं नाही. करून बघा.

दुसरी गोष्ट, रेघ. टोपली, कणगी, सूप या सगळ्या विणलेल्या वस्तू. बांबूच्या पट्ट्या एकीखालून एक, एकीवरून एक. चित्रातली कणगी नीट बघा. चांगला चित्रकार बाहेरचा आकार काढून आत पांढरा रंग भरत नाही, तो वीण काढतो. आडव्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या उभ्या किंवा तिरक्या रेघा, एकेक करून. म्हणजे टोपली विणायला जशी पट्टी पट्टी करत वेळ जातो, तसाच ती काढायलाही रेघ रेघ करत वेळ जातो. माशांच्या जाळ्याचंही तेच. जिव्या सोमा म्हसे यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं प्रसिद्ध आहेत. बारीक रेघांनी अख्खा कागद भरून टाकणारं जाळं. लांबून बघितलं तर ते हलल्यासारखं वाटतं. जवळ गेलं की कळतं, एकही रेघ पट्टीनं मारलेली नाही. ती थोडी थोडी थरथरते, म्हणून जाळं जिवंत वाटतं. प्रिंट केलेल्या 'वारली' टी-शर्टवर नेमकी हीच थरथर गायब असते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वस्तू कामात असते.

युरोपातल्या चित्रकारांनीही साध्या वस्तू काढल्या आहेत, आणि फार सुंदर काढल्या आहेत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये शार्दां स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी काढत होता. व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये आपली गवती बैठकीची खुर्ची काढली. तिच्यावर फक्त त्याची चिलीम आणि तंबाखू. बघताना गलबलून येतं, कारण खुर्ची रिकामी आहे. तिथे वस्तू माणसापासून वेगळी करून समोर ठेवलेली असते आणि आपण तिच्याकडे बघत बसतो.

वारली चित्रात अशी एकटी बसलेली वस्तू जवळजवळ नसते. मडकं आहे तर ते कुणाच्या तरी डोक्यावर आहे, बाई विहिरीवरून येते आहे. मुसळ आहे तर दोन बायकांचे हात त्याला लागलेत, एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. सूप आहे तर त्यातून फोलपट उडतंय, आणि शेजारी कोंबड्या टपून बसल्यात. माणसाचं शरीर दोन त्रिकोणांचं, टोकाला टोक जोडलेलं. या दोन त्रिकोणांना चेहरा नसतो, नाक-डोळे नसतात. मग ही बाई कोण, काय करते, हे कळतं कसं? तिच्या हातातल्या वस्तूवरून. सूप काढून घ्या, तिथे दोन त्रिकोण आणि चार रेघा उरतील. माणसाला ओळख देण्याचं काम इथे चेहरा करत नाही, सूप करतं.

आणि आता पुन्हा चौकाकडे या. फणी आणि शिडी ही ठळक अपवाद आहेत. ती कुणाच्या हातात नसतात. वापरात नसतात. चौकात देवीजवळ ती आपापल्या जागी एकटी उभी असतात. रोज राबणाऱ्या वस्तूंमधल्या दोन वस्तूंना त्या दिवशी सुट्टी आणि मान, असं मला ते वाटतं. हा माझा अर्थ झाला. तुम्ही चौक बघाल तेव्हा तुम्हाला वेगळा वाटू शकतो.

मग हे कागदावर कधी आलं?

१९६६-६७ मध्ये बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. पुपुल जयकर तेव्हा हस्तकलांच्या सरकारी कामात होत्या. त्यांनी भास्कर कुलकर्णी नावाच्या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. कल्पना अशी की तिथल्या बायका भिंतीवर जी चित्रं काढतात ती कागदावर काढून घ्यायची, विकायची, चार पैसे हातात पडतील. आज आपण ज्याला मधुबनी म्हणतो ते कागदावर आलं ते असं.

काही वर्षांनी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, हेच कुलकर्णी डहाणूकडे आले. इथेही कागद दिला. पण इथे गोष्ट वेगळी झाली.

मिथिलेत कागद बायकांनी घेतला आणि नावही त्यांचं झालं. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवी, गंगा देवी यांनाही. डहाणूत मात्र सगळ्यात जास्त गाजलेलं नाव एका पुरुषाचं, जिव्या सोमा म्हसे यांचं. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यातले. असं सांगतात की लहानपणी आई गेली, त्या धक्क्यानं ते बोलायचे थांबले आणि धुळीत बोटानं चित्रं काढून मनातलं सांगायला लागले. लग्नाचा चौक ही बायकांची गोष्ट. जिव्यांनी लग्नाशिवाय, रोज, स्वतःसाठी काढायला सुरुवात केली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरच्या जगभर गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मे २०१८ मध्ये ते गेले.

जिव्या म्हसे मोठेच. त्यांच्यामुळे भिंतीवरचा चौक गोष्टी सांगणारं चित्र झाला: शेत, जंगल, मुंग्यांची वारुळं, जाळी, लोककथा. पण त्याचबरोबर हेही घडलं की जी कला बायकांच्या हातात होती ती बाजारात आली तेव्हा पुढे बरेचसे पुरुष होते. आता बायका पुन्हा मोठ्या संख्येनं काढताहेत. तरीही चौक काढणाऱ्या त्या जुन्या सुवासिनींची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांनी चित्रावर सही केली नाही. पुढच्या लग्नात भिंत पुन्हा सारवली की आधीचं चित्र जायचं.

आणि ही गोष्ट वस्तूंशी थेट जोडलेली आहे. चित्रातल्या घरगुती वस्तूंची यादी करा: जातं, उखळ, मुसळ, सूप, मडकं, चूल, पाळणा. यातली प्रत्येक वस्तू बाईच्या कामाची आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंतचं तिचं काम कुठल्या वहीत नोंदलं गेलं नाही. ते भिंतीवर नोंदलं गेलं. म्हणून बाजारासाठी चित्र सोपं करताना फक्त फेर उरतो आणि झोपडीच्या आतला भाग उडतो, तेव्हा काय उडतं ते लक्षात घ्या. सणाचा एक दिवस राहतो आणि बाईचे बाकीचे ३६४ दिवस जातात.

आता घरात काय आहे?

बोईसरला सकाळी शिफ्टच्या वेळी उभे राहिलात तर आजूबाजूच्या पाड्यांवरून एमआयडीसीत कामाला येणारी माणसं दिसतील. पावसाळा संपला की कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, सोबत निवडक भांडी घेऊन. गावात भाताची गिरणी आली. पाण्याला प्लास्टिकचे ड्रम आले. घरकुल योजनेत सिमेंटची घरं झाली.

यावर लगेच हळहळायची गरज नाही. उखळात भात कांडणं हे चित्रात लयदार दिसतं. प्रत्यक्षात ते खांदे मोडणारं काम आहे. गिरणी आली तेव्हा कुठल्याही बाईनं मुसळासाठी अश्रू गाळले नसतील. कुडाच्या घरात पावसाळा काढणंही काही काव्य नाही.

पण चित्रापुढे यामुळे खरा पेच उभा राहिला आहे. सिमेंटच्या गुळगुळीत, ऑइलपेंट दिलेल्या भिंतीवर तांदळाचं पीठ धरत नाही. म्हणून चित्र कापडावर, कागदावर गेलं, आणि बऱ्याच ठिकाणी पीठ जाऊन पांढरा पोस्टर कलर आला. त्यात वाईट काही नाही, चित्र टिकतं तरी. दुसरा पेच जास्त अवघड. आज पंधरा वर्षांची जी मुलगी वारली शिकते, तिनं चित्रातल्या कितीतरी वस्तू घरात वापरलेल्याच नाहीत. कणगीची वीण ती दुसऱ्या चित्रातून शिकते, कणगीवरून नाही. चित्रावरून चित्र काढत गेलं की रेघ हळूहळू मोकळी व्हायच्या ऐवजी घट्ट होत जाते, आणि काही पिढ्यांनी कणगी म्हणजे नुसता जाळीचा डबा उरतो.

काही चित्रकारांनी यातून वाट काढली आहे. त्यांच्या चित्रांत रेल्वे येते, बस येते, विमानही येतं. 'हे कसलं वारली?' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ते जुन्या रीतीला धरून वाटतं. त्या बायकांनी घरात जे होतं ते काढलं. आज घरात स्टीलचा हंडा आणि गॅसची शेगडी आहे, तर ती काढायला हरकत काय? शेगडीलाही गोल आणि त्रिकोण आहेतच.

बघायचं असेल, घ्यायचं असेल तर

पुण्यात क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. तिथे चित्रांसोबत आदिवासींच्या प्रत्यक्ष वापरातल्या वस्तूही बघायला मिळतात. चित्रातली टोपली आणि खरी टोपली एकाच भेटीत बघून या. पुण्यातच केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी आहेत. ती वारली नाहीत, पण साध्या वस्तूकडे बघायची सवय लागते. आणि जपानला जाणं झालंच, तर निइगाता प्रांतात तोकामाची इथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत मिथिला म्युझियम आहे. मधुबनीसोबत तिथे वारली चित्रांचाही मोठा संग्रह आहे. डहाणूच्या पाड्यावरचं सूप बर्फाळ डोंगरातल्या त्या शाळेत टांगलंय.

चित्र विकत घ्यायचं तर शक्यतो काढणाऱ्याकडून घ्या. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हे नाव या भागातल्या कलेचं आहे. छापील नक्षीवर 'वारली' लिहून विकणं वेगळं. हाताचं की छापलेलं हे ओळखायला दोन सारखी माणसं शोधा. हाताच्या चित्रात दोन माणसं हुबेहूब सारखी सापडत नाहीत, छापलेल्यात लगेच सापडतात.

आणि ऑर्डर देताना 'तारपा डान्स पाहिजे' एवढंच सांगू नका. 'घराच्या आतलं काढून द्याल का?' असं विचारा. जातं, उखळ, कणगी, मडक्यांची उतरंड. साईज तीच ठेवली तरी याला वेळ जास्त लागतो, कारण वीण रेघेरेघेनं काढावी लागते. त्यामुळे पैसेही जास्त सांगितले जातील, तेव्हा घासाघीस करत बसू नका.

शाळकरी मुलं घरात असतील तर एक गंमत करता येईल. ब्राऊन पेपर घ्या, मूठभर तांदूळ भिजवून बारीक वाटा, काडीचं टोक चावून घ्या. आणि मुलांना पहिल्यांदा माणूस काढायला लावू नका. स्वयंपाकघरातली एक वस्तू आणून समोर ठेवा, चाळणी, किसणी, पोळपाट काहीही. ती कुठून बघितली की नीट ओळखू येते, ते त्यांनाच ठरवू दे. पोळपाट वरून की बाजूनं, यावर आमच्याकडे पाऊण तास भांडण चाललं होतं.